मदत हवी आहे: शॉपिफाय प्लस, अ‍ॅडोबी कॉमर्स, की आहे तेच वूकॉमर्स? (शेतकरी कंपनीचं ऑनलाइन दुकान)

धागाकर्ता: हळद्या

राम राम मंडळी,

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात एका शेतकरी उत्पादक कंपनीचं ऑनलाइन काम मी पाहतो. सभासद मुख्यतः वायगाव हळदवाले (हीच ती २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली). हळकुंडं आणि हळद पावडर हा मुख्य माल. जोडीला तूरडाळ, जवसाची चटणी आणि बचत गटांच्या कुरडया, सरगुंडे, मुगवड्या. २०२० च्या टाळेबंदीत आठवडी बाजार बंद पडले तेव्हा वर्डप्रेस-वूकॉमर्सवर साइट उभी केली (वर्डप्रेस हे साइट बनवायचं सॉफ्टवेअर, वूकॉमर्स हे त्याला दुकान जोडणारं प्लगइन). स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) घेतलं होतं, आजही तेच आहे.

सध्या महिन्याला दीडेक हजार ऑर्डरी येतात, सरासरी सहाशे रुपयांची एक. वर्षभर सुरळीत चालतं. दिवाळीआधीच्या पंधरवड्यात मात्र ऑर्डरी चौपट होतात आणि साइट आचके द्यायला लागते. पान उघडत नाही, उघडलं तर पैसे कटतात आणि ऑर्डर पेंडिंगच दिसते. मग पुण्या-मुंबईच्या ग्राहकांचे फोन. घ्यायला आम्ही दोघंच, त्यातला एक पॅकिंगवर.

संचालक मंडळाने एका एजन्सीला बोलावलं (नाव नको). त्यांच्या मते आमचा धंदा आता 'एंटरप्राइझ' पातळीला आलाय आणि साधं सॉफ्टवेअर पुरणार नाही. ऑनलाइन दुकानाच्या मोठ्या सॉफ्टवेअरची तीन नावं दिली: शॉपिफाय प्लस, अ‍ॅडोबी कॉमर्स, सेल्सफोर्स कॉमर्स क्लाउड. प्रेझेंटेशन झकास होतं. शॉपिफाय प्लसचा आकडा महिन्याला २,३०० डॉलरपासून पुढे, तोही तीन वर्षांच्या करारावर. आमचे अध्यक्ष काका तेवढं ऐकून म्हणाले, "दिवाळीत पंधरा दिवस बंद पडते म्हनून बाराही महिने दोन लाख द्याचे का बा?"

काकांचं गणित मला पटतं, पण एजन्सी सगळंच चूक सांगते असंही वाटत नाही. कारण नुसता वेग हा प्रश्न नाही. चाळीसेक दुकानदार घाऊक माल घेतात, त्यांचे भाव वेगळे, उधारी महिनाभराची. प्रत्येक घाण्याची हळद वेगळ्या बॅचची, चटणीला मुदत. वर्ध्याचं गोदाम आणि नागपूरचं छोटं स्टॉक पॉइंट, दोन्हीकडचा साठा एकत्र दिसायला हवा. शिवाय शोधाची अडचण: आम्ही लिहितो जवस, पुण्याची बाई शोधते अळशी, आणि साइट सांगते 'काही सापडले नाही'.

जाणकारांनी मार्गदर्शन करावं. पोळ्यानंतर बैठक आहे, तिथे मला काहीतरी ठाम सांगावं लागेल.

टुणटुण:
रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडेही हाच घोळ आहे, फक्त हळदीऐवजी संत्री.

जुना_कोडवाला:
मॅजेन्टोवर (आत्ताच्या अ‍ॅडोबी कॉमर्सचं मूळ) बरीच वर्षं काम केलंय, म्हणून आधी त्याबद्दल. अ‍ॅडोबीने २०१८ मध्ये मॅजेन्टो १.६८ अब्ज डॉलरला घेतलं. आता त्याची दोन रूपं आहेत. मॅजेन्टो ओपन सोर्स फुकट, आणि अ‍ॅडोबी कॉमर्स पैशाचं. घाऊक ग्राहकांसाठी कंपनी खाती, वेगळे भाव, कोटेशन हे सगळं पैशाच्या रूपात आहे. दोन गोदामांचा साठा आणि शोधातले समानार्थी शब्द फुकटातही मिळतात. सॉफ्टवेअर म्हणून दणकट आहे यात वाद नाही. पण फुकट म्हणजे सॉफ्टवेअर फुकट. त्याला स्वतंत्र सर्व्हर लागतो, सर्च इंजिन वेगळं चालवावं लागतं, कॅशे (तयार पानं साठवून झटपट दाखवणारी सोय) वेगळा, आणि दर सुरक्षा पॅचला डेव्हलपर. मॅजेन्टो १ चा सपोर्ट जून २०२० मध्ये संपला तेव्हा कित्येकांना दुकान नव्याने बांधावं लागलं, कारण १ वरून २ वर सरळ उडी नव्हतीच. समुद्रपुरात बसून रात्री अकराला मॅजेन्टोचा माणूस कुठून आणाल?

सेल्सफोर्सवर वेळ घालवू नका. त्यांनी २०१६ मध्ये डिमांडवेअर नावाची कंपनी घेऊन हे उत्पादन उभं केलं, आणि त्याचा दर सहसा विक्रीच्या टक्क्यावर ठरतो. देशोदेशी दुकानं असलेल्या ब्रँडचं ते काम.

आता मला सांगा: वस्तू किती? वूकॉमर्सची आवृत्ती कोणती? आणि पेमेंट गेटवेचा (ग्राहकाचे ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) वेबहुक लावलाय का?

हळद्या:
वस्तू साठ-सत्तर, वजनाप्रमाणे धरल्या तर दोनशेच्या आत. आवृत्ती अद्ययावत आहे. वेबहुक म्हणजे?

जुना_कोडवाला:
हं, मग अर्धा रोग सापडला. ग्राहक तुमच्या पानावरून यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये जातो, पैसे देतो, आणि बरेचदा परत पानावर येतच नाही. मध्येच फोन येतो, रेंज जाते किंवा तो अ‍ॅप बंद करतो. तो परतला तरच ऑर्डर पक्की अशी तुमची व्यवस्था असेल, तर ती पेंडिंगच राहणार. वेबहुक लावला की पैसे आल्याचं गेटवे थेट तुमच्या सर्व्हरला कळवतो, ग्राहक परत येवो न येवो. गेटवेच्या डॅशबोर्डात पत्ता आणि गुप्त शब्द टाकायचा, अर्ध्या तासाचं काम. ही अडचण शॉपिफाय प्लस घेऊन सोडवणं म्हणजे पाच जणांच्या वरणाला लग्नातला गंज (मोठं पातेलं) चुलीवर चढवणं.

उरलेला अर्धा: वूकॉमर्स पूर्वी ऑर्डरी वर्डप्रेसच्या लेखांच्याच तक्त्यात ठेवायचं. ब्लॉगचा लेख, पानं, ऑर्डर, सगळं एका पोत्यात. आता ऑर्डरींचे स्वतंत्र तक्ते आहेत, हाय परफॉर्मन्स ऑर्डर स्टोरेज म्हणतात त्याला. ८.२ आवृत्तीपासून, म्हणजे ऑक्टोबर २०२३ पासून, नव्या दुकानांना ते आपोआप मिळतं. तुमचं २०२० चं. कोणी मुद्दाम चालू केलं नसेल तर जुन्याच पद्धतीवर असणार. सेटिंग्ज, अ‍ॅडव्हान्स्ड, फीचर्स इथे दिसेल. थेट चालू दुकानावर हात घालू नका, आधी साइटची नक्कल काढून तिच्यावर करून बघा. एखादं जुनं प्लगइन त्याला जुळत नसेल तर तिथेच कळेल.

आणि शेअर्ड होस्टिंग सोडा. स्वतःचा छोटा व्हीपीएस (सर्व्हरचा आपल्यापुरता राखलेला भाग) घ्या, त्यावर रेडिस (माहिती मेमरीत ठेवून वेग वाढवणारं सॉफ्टवेअर) लावा, कार्ट आणि चेकआउट सोडून बाकीची पानं कॅशे करा. महिन्याला काही हजारांत भागेल.

अंबानगरीकर:
शॉपिफायची बाजू मी मांडतो, कारण इथे सगळे त्याला शिव्याच घालणार. अमरावतीत आमचं कपड्यांचं दुकान आहे, ऑनलाइन सगळं शॉपिफायवर. सणाला सर्व्हर पडेल ही भीतीच नाही, ती त्यांची डोकेदुखी. वरचे वेबहुक, रेडिस, तक्ते वाचून माझ्या पोटात गोळा आला. ज्याच्याकडे तांत्रिक माणूस नाही त्याने हा विचार करावाच.

पण हिशेब नीट करा. शॉपिफायचं स्वतःचं पेमेंट भारतात चालत नाही. बाहेरचा गेटवे जोडावा लागतो आणि त्याबद्दल शॉपिफाय आपला वेगळा टक्का घेतं, गेटवेच्या शुल्काशिवाय. बेसिक प्लॅनला २ टक्के, वरच्या प्लॅनला कमी कमी होत जातो. तुमची विक्री महिन्याला नऊ लाख धरू. बेसिकवर १८ हजार नुसता टक्का, वर प्लॅनचं भाडं. प्लसवर टक्का अगदी किरकोळ, पण भाडंच दोन लाख, म्हणजे विक्रीच्या बावीस टक्के! हळदीत एवढा नफा तरी सुटतो का भाऊ?

प्लसचं खरं वैशिष्ट्य म्हणजे चेकआउटच्या पायऱ्या हव्या तशा बदलता येतात आणि घाऊकची पूर्ण सोय. खालच्या प्लॅनमध्ये घाऊकचं काय काय मिळतं ते एजन्सीकडून लेखी घ्या, तोंडी नको.

हळद्या:
बावीस टक्के हा आकडा बैठकीत सांगतो. काका टाळी वाजवतील.

पण तांत्रिक माणूस नाही हे आमच्या बाबतीतही खरं आहे. मी कृषी पदवीधर, हे सगळं पाहून पाहून शिकलो. उद्या मी सोडून गेलो तर?

जमाखर्च:
व्यवसायाने करसल्लागार. दोन-तीन गोष्टी एजन्सीवाले कधी सांगत नाहीत त्या सांगतो.

परदेशी कंपनी डॉलरमध्ये बिल करत असेल तर दर महिन्याला कार्डावरून पैसे आपोआप कटतील असं गृहीत धरू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे सर्वसाधारणपणे १५ हजारांवरच्या आवर्ती व्यवहाराला प्रत्येक वेळी ओटीपी लागतो. ओटीपी ज्यांच्या फोनवर येतो ते अध्यक्ष शेतात आणि फोन घरी, असं झालं तर? शिवाय अशा थेट आयात सेवेवर १८ टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जने (विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने) आधी रोखीने भरावा लागतो, क्रेडिट नंतर.

स्वतःच्या साइटवरून स्वतःचा माल विकलात तर जीएसटी कायद्याच्या कलम ५२ चा टीसीएस (विक्रीच्या पैशांतून साइटने आधीच कापायचा कर) लागत नाही. मोठ्या बाजारपेठ-साइटवर विकलात तर ते कापतात, जुलै २०२४ पासून दर ०.५ टक्के. परत मिळतो, पण अडकून राहतो.

बॅच आणि मुदतीबद्दल: एफएसएसएआयने (केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलंय की ग्राहकाच्या हाती पडताना मालाचं ३० टक्के आयुष्य किंवा मुदत संपायला किमान ४५ दिवस शिल्लक हवेत. चटणीला हे लागू. म्हणजे जुनी बॅच आधी बाहेर काढण्याची शिस्त हवीच. पण त्यासाठी प्लॅटफॉर्म बदलायची गरज काय? तुमचे हिशेब टॅलीत असतील ना? टॅलीत बॅच आणि मुदत दोन्ही नोंदवता येतात.

जुना_कोडवाला:
सहमत. शॉपिफाय घ्या, मॅजेन्टो घ्या, वूकॉमर्स घ्या, बॅच आणि मुदतीचा हिशेब मूळ सॉफ्टवेअरमध्ये कुठेच नाही. सगळीकडे वरून जोडावं लागतं.

आणि चाळीस दुकानदारांसाठी पोर्टल? ते आज ऑर्डर कशी देतात?

हळद्या:
व्हॉट्सअ‍ॅपवर. "मागच्यासारखंच पाठवा" एवढंच लिहितात.

जुना_कोडवाला:
मग ते तसेच राहू द्या. पोर्टल बांधलंत तरी ते व्हॉट्सअ‍ॅपवरच लिहिणार.

गटाची_ताई:
यवतमाळकडून. आमचाही गट आहे, उन्हाळी कामाचा माल पाठवतो. तुम्ही सगळे सर्व्हरचं बोलून राहिले, पण कुरडयांच्या डब्याचं काय करता ते सांगा ना दादा. आमचा पैसा तिथंच जातो.

बऱ्याच कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात, आणि खरं वजन व हे वजन यातलं जे जास्त त्याचे पैसे लावतात. ४० बाय ३० बाय ३० चा डबा म्हणजे ७.२ किलो. आत कुरडया भरल्या दोनच किलो! हळदीला हा त्रास नाही, ती जड. पण साइट दोन्हीला सारखंच वजन लावते, आणि फरक आपल्या अंगावर येतो. आम्ही वूकॉमर्समध्येच कुरडया-सरगुंड्यांना वेगळा शिपिंग क्लास (पाठवणीच्या दराचा गट) केला. डबेही छोटे केले, कुरडया लहान घालायला सांगितल्या बायांना. पहिल्यांदा कुरकुरल्या, मग झालं.

दुसरं, माल हाती पडल्यावर पैसे घेणं बंद करू नका, पण परत येणारा माल मोजा. जातानाचंही भाडं आपलं, येतानाचंही, वर कुरड्यांचा चुरा. ज्या पिनकोडवरून सारखं परत येते तिथे आधी पैसे घ्या.

हळद्या:
ताई, हे एजन्सीच्या साठ पानांत कुठेच नव्हतं. लहान कुरडयांचं उद्याच गटात बोलतो.

टुणटुण:
आणि ओएनडीसी? सरकारी आहे म्हणतात, तिथे जा की.

जमाखर्च:
ओएनडीसी ही ना-नफा कंपनी आहे, डिसेंबर २०२१ अखेर स्थापन झालेली. ती दुकान नाही, दुकानांना जोडणारं जाळं आहे. एखाद्या विक्रेता-अ‍ॅपमधून तुम्ही त्यावर माल लावता, ग्राहक वेगळ्याच अ‍ॅपमधून घेतो. जोडीला घ्या, पण साइटला पर्याय म्हणून नको. तुमच्या नियमित ग्राहकांचे पत्ते-फोन तुमच्याकडेच राहायला हवेत.

हळद्या:
सर्वांचे मनापासून आभार. बैठकीत असं मांडतो: दिवाळीपर्यंत प्लॅटफॉर्म बदलायचा नाही. आत्ता वेबहुक आणि व्हीपीएस. ऑर्डरींचे नवे तक्ते आधी नकलेवर, मग खऱ्यावर. बॅच टॅलीत. जवस-अळशीसाठी वस्तूंच्या वर्णनात दोन्ही शब्द टाकतो, तेवढ्यानेच बहुधा भागेल. मार्चमध्ये नवी हळद शिजवून, वाळवून, पॉलिश होऊन येईपर्यंत आकडे हातात असतील. तेव्हाही साइट दमली, किंवा सांभाळायला माणूस उरला नाही, तर शॉपिफायचा साधा प्लॅन. प्लस नाही.

एक शंका राहिली. आमच्या प्रत्येक पाकिटावर क्यूआर आहे, स्कॅन केला की त्या हळदीचं पान उघडतं. पुढे कधी शॉपिफायवर गेलोच तर ते चालतील का?

अंबानगरीकर:
आपोआप नाही चालणार. शॉपिफायच्या पानांच्या पत्त्याची रचना ठरलेली असते, ती बदलता येत नाही. जुन्या पत्त्यावरून नव्यावर पाठवायची सोय आहे, पण प्रत्येक पत्ता यादीत भरावा लागतो. ग्राहकांचे पासवर्डही तिकडे जात नाहीत, त्यांना नव्याने खातं चालू करायला सांगावं लागतं.

जुना_कोडवाला:
म्हणून क्यूआरमध्ये वस्तूचा पत्ता टाकूच नका. आपल्याच डोमेनवर छोटा, कायमचा पत्ता करा आणि तो कुठे न्यायचा ते आतून ठरवा. मग पाठीमागे वूकॉमर्स असो की आणखी काही, पाकीट बदलायला नको. दिवाळीच्या पाकिटांचा रोल छपाईला गेला असेल तर आजच फोन करून थांबवा.

हळद्या:
रोल नागपूरला सोमवारी जाणार आहे. थांबवतो. लहान पत्ता कसा करायचा ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा ना.

जुना_कोडवाला:
व्यनि केलाय.