मदत हवी आहे: मडगावात ठरवलेल्या रेटसाठी अमेरिकेत अटक होऊ शकते का?

फोंडेकर:
मेहुण्याचं प्रकरण आहे, कंपनीचं नाव नका विचारू. वेर्ण्याला एक्स्पोर्ट बघतो, केमिकल थेट अमेरिकेत जातं. दोन वर्षांपूर्वी मडगावच्या हॉटेलात भाजीपाव खाताखाता तीन कंपन्यांच्या माणसांनी ठरवलं की अमेरिकेच्या गिऱ्हाइकांना अमुक डॉलरच्या खाली कोणी द्यायचं नाही, रेट बिलाच्या मागे लिहिले आणि ह्या शहाण्याने त्याचा फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. आता डिसेंबरात न्यू जर्सीला मामेबहिणीचं लग्न आणि कोणीतरी डोक्यात भरवलंय की उतरल्या उतरल्या धरतील. मी म्हणतो बोलणी मडगावात, माणसं आपली, त्यांचा कायदा इथे कसा लागेल? तो तर ग्रुपच उडवायला निघालाय. सांगा कोणीतरी, बायको मला सुखाने जेवू देत नाहीय.

पणजीची वकीलबाई:
आधी त्याला सांगा, काहीही डिलीट करायचं नाही. आणि कायदा लागतो हो. बोलणी कुठे झाली त्यापेक्षा झळ कुठल्या बाजाराला बसली ते बघतात. फॅक्सच्या कागदाचे भाव जपानमध्ये ठरवले म्हणून निप्पॉन पेपरवर अमेरिकेत फौजदारी केस झाली, १९९७ साली बॉस्टनच्या अपील कोर्टाने ती चालवता येते म्हटलं (पुढे पुरावा कमी पडून कंपनी सुटली, ते वेगळं). शर्मन ॲक्टमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संगनमतविरोधी कायद्यात, माणसाला १० वर्षांपर्यंत कैद आहे. आपल्याकडे कार्टेलला, म्हणजे कंपन्यांनी असे मिळून भाव ठरवण्याला, दंड आहे, जेल नाही, आणि प्रत्यर्पणाला दोन्ही देशांत गुन्हा असावा लागतो, म्हणून इथून नेणं कठीण. पण ब्रिटनच्या इयान नॉरिसचं बघा, भाव ठरवल्याबद्दल पाठवायला २००८ साली तिथल्या कोर्टाने नकार दिला, तरी तपासात अडथळा आणल्याच्या आरोपावर २०१० मध्ये जावंच लागलं. ग्रुप राहू दे तो.

फोंडेकर:
म्हणजे फक्त अमेरिकेत पाय ठेवायचा नाही, एवढंच ना?

पणजीची वकीलबाई:
एवढंच नाही. रोमानो पिशोत्ती म्हणून इटलीचा माणूस नायजेरियाहून घरी चालला होता, २०१३ साली फ्रँकफर्टला विमान बदलताना अशाच कार्टेलच्या आरोपावर धरला, पुढच्या वर्षी जर्मनीने अमेरिकेच्या ताब्यात दिला. मेहुण्यावर काही नसेलही, पण तिथे आरोपपत्र सीलबंद ठेवतात, कळत नाही. तिकिटाच्या आधी अमेरिकेतला अँटीट्रस्टचा, म्हणजे ह्याच कायद्याचा, वकील गाठा, कंपनीचा नको, त्याचा स्वतःचा.

फोंडेकर:
तिकीट काढून झालंय मॅडम. मोपा, मुंबई, फ्रँकफर्ट, नेवार्क.