साडेनऊ लाखांचं घर की बेचाळीस हजारांची फी? (न्यू जर्सी)

मेथीची_जुडी
नमस्कार. तीन आठवडे आमच्याकडे रात्रीच्या जेवणाला एकच विषय आहे आणि आता वरणभातही कडू लागायला लागलाय, म्हणून इथे टाकते.

आम्ही मध्य न्यू जर्सीत, मिडलसेक्स काउंटीत राहतो. २०२१ मध्ये टाउनहाउस घेतलं. कर्ज चार लाख डॉलर (पुढचे सगळे आकडेही डॉलरच), दर २.८७५ टक्के, हप्ता महिन्याला १,६६०. लेक एकुलती एक, आत्ता तिसरीत. गावातली प्राथमिक शाळा झकास आहे, तिथल्या बाईंनी हिला वाचायचं वेड लावलं. पण पुढची मिडल स्कूल रेटिंगच्या साइटवर दहापैकी चार, आणि ज्यांची मुलं मोठी होताहेत ते एकेक करून गाव सोडताहेत. (गावाचं नाव सांगत नाही, शेजारी इथे वाचतात.)

पर्याय एक, हे घर विकून वेस्ट विंडसरमध्ये घ्यायचं, तिथल्या पब्लिक स्कूल (म्हणजे फुकट सरकारी शाळा) नावाजलेल्या आहेत. आमच्या बजेटच्या कडेला लटकणारं घर साडेनऊ लाखांचं आहे, दर साडेसहा टक्के. पर्याय दोन, इथेच राहून तिला खासगी डे स्कूलमध्ये घालायचं, फी वर्षाला ४२ हजार.

नवरा म्हणतो, घरातला पैसा घरातच राहतो, फी गेली की गेली. मला ते इतकं सरळ वाटत नाही, पण आकड्यांत सांगता येत नाही. तुम्ही सांगा.

एडिसनचे_काका
पब्लिक स्कूल. विषय संपला.

अगं, आम्ही १९८४ मध्ये घर घेतलं तेव्हा कर्जाचा दर तेरा टक्क्यांच्या वर होता. तुम्ही साडेसहाला घाबरता! दोन्ही मुलं इथल्या जे. पी. स्टीव्हन्स हायस्कूलमधून शिकली, एक पैसा फी नाही. प्रॉपर्टी टॅक्स तर तुला भरावाच लागणार, मुलगी कुठेही शिकू दे. खानावळीचे महिन्याचे पैसे भरायचे आणि जेवायला रोज हॉटेलात जायचं, असा हा प्रकार आहे.

कोथरूडची_खिचडी
भाबडा प्रश्न. शाळेसाठी घर कशाला बदलायचं? माझा भाचा वाकडहून रोज डेक्कनला जातो शाळेत. व्हॅनवाले काका आहेत.

एडिसनचे_काका
इथे पत्ता हाच प्रवेश. स्कूल डिस्ट्रिक्टची (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाची) हद्द आखलेली असते, आणि काही गावांत रस्त्याच्या या बाजूला एक शाळा तर समोरच्या घराला दुसरी. मावशीचा पत्ता देऊन मूल घातलं तर डिस्ट्रिक्ट चौकशी करतं, पकडलं तर मागच्या दिवसांची फी वसूल करतं. टॅक्सच्या बिलात राज्यभराच्या सरासरीने निम्म्याहून जरा जास्त वाटा शाळांचा असतो. २०२४ मध्ये न्यू जर्सीचं सरासरी बिल दहा हजारांच्या वर गेलं, अख्ख्या देशात सगळ्यात जास्त.

उलटी_गंगा
काका, तुमच्या "विषय संपला"मध्ये एक मोठा विषय सुरू होतो. शाळा घराच्या टॅक्सवर चालणार, म्हणजे महागड्या गावाला चांगली शाळा. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचे पालक याविरुद्ध अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेले, १९७३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी हरले. न्यू जर्सीच्या कोर्टाने मात्र १९८५ पासूनच्या ॲबट खटल्यांत राज्याला गरीब शहरांच्या शाळांना जास्त पैसा द्यायला लावला. म्हणून आपल्याकडे "कमी रेटिंग म्हणजे कमी खर्च" असं सरळ समीकरण नाही. रेटिंगमध्ये बऱ्याच अंशी आईबापांचं उत्पन्न दिसतं. तिथे जाऊन आपण शाळा कमी आणि शेजार जास्त विकत घेतो.

एडिसनचे_काका
बरं मग? शेजार चांगला मिळाला तर वाईट आहे का?

हिशेबी_हत्ती
भाषणं बाजूला ठेवा. मेथीताई, मी तुमचे आकडे शीटमध्ये घातले.

जुनं घर आज ५ लाख ६० हजारांना जातंय असं धरलं. उरलेलं कर्ज ३ लाख ६० हजारांच्या आसपास. एजंट, वकील, ट्रान्सफर फी मिळून ३५-३६ हजार जातील. हातात १ लाख ६४ हजार. त्यात बचतीतले २६ हजार घालून वीस टक्के डाउन पेमेंट होतं. नवं कर्ज ७ लाख ६० हजार, हप्ता ४,८००.

म्हणजे हप्त्यातच वर्षाला ३७-३८ हजार जास्त. टॅक्स तुमचा साडेदहा हजार असेल तर तिकडे १९ हजार धरा, साडेआठ हजार आणखी. एकूण ४६ हजार. फी ४२ हजार. आता कोण महाग?

पण खरी मेख पुढे आहे. तुमचे मिस्टर म्हणतात घरातला पैसा घरात राहतो. पहिल्या वर्षी नव्या घराचे हप्ते जातील साधारण ५७,६०० आणि त्यातले मुद्दलात जातील फक्त साडेआठ हजार. बाकी सगळं व्याज. आणि आत्ताचं टाउनहाउस? वर्षाला २० हजार भरता, त्यातले साडेनऊ हजार मुद्दलात जातात. तिप्पट हप्ता भरून तुम्ही आत्तापेक्षा कमी जमा करणार आहात. व्याज हीसुद्धा फीच आहे, फक्त बँकेला जाते.

मेथीची_जुडी
हे मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तो उठून भांडी घासायला गेला.

शून्य_बाकी
हत्तीसाहेब, शीट अर्धीच दाखवलीत.

एक, फी दरवर्षी वाढते. चार टक्क्यांनी वाढली तरी नऊ वर्षांत ४ लाख ४४ हजार होतात. हप्ता तीस वर्षं तोच राहतो, आणि दर खाली आले की रीफायनान्स (नव्या दराने कर्ज बदलून घेणं) आहेच. दोन, साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाचं व्याज टॅक्स लागणाऱ्या उत्पन्नातून वजा होतं. राज्य आणि गावच्या टॅक्सची वजावट दहा हजारांवर अडकली होती, ती २०२५ पासून ४० हजार झाली. पगार पाच लाखांच्या वर असेल तर ती कमी होत जाते, पण ते सुख मेथीताईंना नसावं. फीवर फेडरल वजावट शून्य. तीन, साडेनऊ लाखांचं घर तीन टक्क्यांनी वाढलं तर नऊ वर्षांत जुन्या घराच्या मानाने लाख-सव्वा लाख जास्त कमावतं. चार, उद्या दुसरं मूल झालं तर? घराचा हप्ता तोच, फी दुप्पट.

हिशेबी_हत्ती
तीन टक्क्यांनी *वाढलं तर*. दुसरं मूल *झालं तर*. तुमची अख्खी बाजू "तर"वर उभी आहे. आणि नव्या घराचं छप्पर, बॉयलर, झाडं? टाउनहाउसला असोसिएशन (आपली सोसायटी) बर्फ काढते. तिकडे तुम्ही काढणार.

शून्य_बाकी
फी चार टक्क्यांनीच वाढेल हाही "तर"च आहे. सहानेही वाढू शकते.

पारिजातक_०८५३६
पैशाचं तुम्ही बघा. मी याच डिस्ट्रिक्टमध्ये दोन मुलं वाढवली, तिथलं सांगते.

२०१५ मध्ये वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोचे सुपरिंटेंडंट (डिस्ट्रिक्टचे प्रमुख) डेव्हिड ॲडरहोल्ड यांनी पालकांना लांबलचक पत्र लिहिलं होतं, मुलांवरच्या ताणाबद्दल. हायस्कूलच्या मिडटर्म आणि फायनल परीक्षा काढून टाकल्या, काही रात्री गृहपाठ बंद. त्यावर पालकांच्या सभांमध्ये जे रणकंदन झालं ते मी मागच्या खुर्चीवरून पाहिलंय. आपल्यातले आणि चिनी पालक बरेचसे एका बाजूला: "अभ्यास कमी का करताय?" गोरे पालक बरेचसे दुसऱ्या बाजूला. मी तेव्हा आपल्या बाजूला होते. माझा मोठा तेव्हा सातवीत. चौथीपासून गणिताची शिकवणी लावली होती, कारण सगळ्यांनी लावली होती. एका रात्री साडेअकराला खोलीत डोकावले तर तो वही उघडी ठेवून नुसता पेनचं टोपण लावत होता, काढत होता. किती वेळ, माहीत नाही.

शाळा उत्तम आहे, शिक्षक उत्तम आहेत. पण दहापैकी नऊची शाळा घ्याल तर नऊवाल्या मुलांची शर्यतही त्याच किमतीत येते.

एडिसनचे_काका
शर्यत घरातून सुरू होते, शाळेला बोल लावू नये. (मीही लावली होती शिकवणी, कबूल.)

दोनदा_भाजलेली
मेथी, खासगी शाळेत जायच्या आधी हे वाच. आम्ही थोरलीला तीन वर्षं घातलं. नाव घेत नाही.

फी म्हणजे फी नसते. बस वेगळी, जेवण वेगळं, लॅपटॉप त्यांनी सांगितलेलाच, आणि वर्षातून एकदा "ॲन्युअल फंड"च्या देणगीसाठी गोड आवाजात फोन. नाही म्हणायला जीभ उचलत नाही, कारण मूल त्यांच्या ताब्यात. पण ते सोड. तिसऱ्या वर्षी कळलं की तिला डिस्लेक्सिया आहे. शाळा म्हणाली, "आमच्याकडे त्या प्रकारचा आधार नाही, दुसरीकडे पाहिलंत तर बरं." पब्लिक स्कूलला असं म्हणता येत नाही. १९७५ पासून केंद्राचा कायदा आहे, मुलाची तपासणी करून आयईपी (त्या मुलापुरता वेगळा शिक्षणाचा आराखडा) बनवून द्यावाच लागतो, फुकट. गावातल्या पाच रेटिंगच्या शाळेत परत आलो. तिथल्या बाई तिला आठवड्यातून चार दिवस वेगळं घेऊन बसायच्या. ते पाच कुठल्या परीक्षेचे होते देव जाणे.

आडवी_रेघ
वाईट वाटलं वाचून, पण एका शाळेवरून सगळ्या खासगी शाळा झोडू नका. माझा मुलगा पब्लिकमध्ये २७ मुलांत मागच्या बाकावर बसून वर्ष काढायचा, कुणाला पत्ता नाही. रिपोर्ट कार्डावर मात्र "प्लेझंट टू हॅव इन क्लास". आता वर्गात १४ जण आहेत. पहिल्या महिन्यात बाईंनी फोन करून सांगितलं, त्याला फळ्यावरचं नीट दिसत नाही. चष्मा लागला. दोन वर्षं आमच्याही लक्षात आलं नव्हतं. तो फोन ४२ हजारांचा आहे का? माझ्यापुरता, हो.

दोनदा_भाजलेली
चष्मा शाळेची नर्सबाईही सांगते गं. पब्लिकमध्ये डोळे तपासतात.

आडवी_रेघ
तपासले होते. "पास" झाला होता.

नागपूरचा_नमुना
ताई, कायले डोक्याला एवढा ताप? दोन्ही नका करू. २.८७५ चं कर्ज आजच्या घडीला सोन्याची अंगठी आहे, ती मोडून खाऊ नका. टाउनहाउस भाड्याने द्या, ३,२०० सहज येतील. हप्ता, टॅक्स, असोसिएशन त्यात निघून जाते. तुम्ही प्लेन्सबरोत दोन बेडरूमचं अपार्टमेंट भाड्याने घ्या. शाळा तीच, वेस्ट विंडसरवाल्यांचीच, दोन्ही गावांचं डिस्ट्रिक्ट एक आहे. भाडेकरूच्या पोरीला शाळा कमी शिकवते का?

आणि अजून एक गंमत: वेस्ट विंडसर मर्सर काउंटीत, प्लेन्सबरो तुमच्याच मिडलसेक्समध्ये. मिडलसेक्सच्या मॅग्नेट शाळा (खास विषयांच्या सरकारी हायस्कूल), एडिसनची इंजिनीअरिंगवाली आणि वुडब्रिजची वैद्यकीयवाली, नववीत परीक्षेतून प्रवेश, फुकट. तो दरवाजाही उघडा राहतो.

एडिसनचे_काका
भाड्याच्या घरात मुलगी वाढवायची? चाळीस वर्षांपूर्वी आम्ही यातून बाहेर पडायला धडपडलो.

उलटी_गंगा
काका, दादरच्या चाळीत वाढलेले तुम्हीच ना? मागच्या धाग्यात डोळे पाणावले होते.

शून्य_बाकी
नमुनाभाऊंची युक्ती चांगली, पण एक खड्डा आहे. राहतं घर विकल्यावर जोडप्याला पाच लाखांपर्यंतच्या नफ्यावर टॅक्स नाही, मात्र विक्रीआधीच्या पाच वर्षांत किमान दोन वर्षं तिथे स्वतः राहिलेलं हवं. म्हणजे भाड्याने देऊन तीन वर्षं उलटली की ती सवलत गेली. नऊ वर्षं भाड्याने द्यायचं असेल तर हे आजच शीटमध्ये घाला. आणि भाडेकरूने रात्री दोनला फोन केला की नळ फुटलाय, तेही घाला.

हिशेबी_हत्ती
मुद्दा बरोबर. तरीही नमुनाभाऊ जिंकताहेत. प्लेन्सबरोचं भाडं २,५०० धरलं तरी वर्षाला ३० हजार, आणि मुलगी बारावी झाली की दुसऱ्या दिवशी बाहेर पडता येतं. साडेनऊ लाखांचं घर दुसऱ्या दिवशी विकलं जात नाही.

मेथीताई, एक विचारायचं राहिलं. ग्रीन कार्ड आहे का?

मेथीची_जुडी
नाही. नवऱ्याचं आय-१४० (कंपनीने ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज) २०१७ मध्ये मंजूर झालं, रांगेत उभे आहोत. तो एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मी त्याची बायको म्हणून एच-४ वर आहे, काम करायची परवानगी आहे.

हिशेबी_हत्ती
मग ही पहिली ओळ हवी होती, शेवटची नाही. नवऱ्याची नोकरी गेली तर दुसरी शोधायला किंवा देश सोडायला साठ दिवस. साठ दिवसांत ४,८०० चा हप्ता, घर विकणं आणि पोरीची शाळा, तिन्ही एकदम. टाउनहाउसचा हप्ता भारतात बसूनही भाड्यातून फिटतो.

शून्य_बाकी
इथे माझे शब्द संपले. कार्ड हातात असतं तर मी घरावरच अडून बसलो असतो.

एडिसनचे_काका
आमच्या वेळी कार्ड दोन वर्षांत यायचं. हे मला सुचलंच नाही, पोरी. तरी मी म्हणेन, भिऊन जगू नये.

मेथीची_जुडी
काल रात्री नवऱ्यासमोर हा धागा पहिल्यापासून उघडला. तो हत्तींच्या मुद्दलाच्या आकड्यावर थांबला, कॅल्क्युलेटर काढला, तीनदा मोजलं. मग पारिजातकताईंचं वाचून काही बोलला नाही. शनिवारी प्लेन्सबरोत एक अपार्टमेंट बघायला जातोय, तळमजला, शाळेची बस दारासमोर थांबते म्हणे. लेकीची एकच अट आहे, पेटी ठेवायला जागा हवी. आजीची आहे, विमानातून मांडीवर घेऊन आणलेली.

नागपूरचा_नमुना
तळमजला नका घेऊ! बर्फ काढणारी गाडी पहाटे चारला खिडकीखालून जाते. दुसरा मजला बघा. आणि वर कोण राहते ते आधी विचारून घ्या, आमच्या डोक्यावर भरतनाट्यमचा क्लास होता.