मदत हवी आहे: १९६७ ची स्टँडर्ड हेरॉल्ड, पुढे डिस्क ब्रेक आणि मागचा डिफ, कमी खर्चात

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे १९६७ सालची स्टँडर्ड हेरॉल्ड आहे. दोन दारांची, इंजिन मूळचंच ९४८ सीसी, गिअरबॉक्सही मूळचा. आजोबांनी घेतली, बाबांनी टिकवली, आता आरसी माझ्या नावावर आहे. गाव परतवाड्याजवळ, घरचा धंदा संत्र्याचा. गाडी झाकून ठेवलेली नाही. अचलपूरच्या बाजारात जाते, अमरावतीला जाते, आणि पावसाळा ओसरला की चिखलदऱ्याला जातेच जाते. अडचण तिथेच आहे.

चढताना तक्रार नाही. चिखलदरा अकराशे मीटरच्या वर आहे, तरी गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर निवांत चढते. उतरताना मात्र शेवटच्या वळणांपर्यंत येता येता ब्रेक धरेनासे होतात. पेडल खाली जात नाही, कडकच राहतं, पण पायाचा सगळा जोर लावला तरी गाडीचा वेग पाहिजे तसा कमी होत नाही. लायनर (ड्रमला आतून घासणारा ब्रेकचा थर) जळाल्याचा वास आत येतो. खाली उतरून ड्रम निवू दिले की सगळं पहिल्यासारखं. मागच्या सीटवर भाचरं बसलेली असताना वळणावर समोरून एसटी आली की पोटात जो गोळा येतो, तो मला परत नको आहे.

दुसरी गोष्ट मागच्या डिफची (डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांना वाटून देणारा गिअरांचा जोड). अमरावतीच्या रस्त्याला साठच्या वर नेलं की इंजिन फार ओरडतं. ऑइल गळत होतं म्हणून डिफ उघडला होता तेव्हा दाते मोजून घेतले: क्राऊनचे (मोठ्या चक्राचे) ३९, पिनियनचे (त्याला फिरवणाऱ्या लहान चक्राचे) ८, म्हणजे गुणोत्तर ४.८७५. चौथ्या गिअरवर सत्तरच्या वेगाला इंजिनाचे मिनिटाला साधारण ३,३०० फेरे होतात. एवढ्या जुन्या इंजिनाला तासभर तसं पळवणं जिवावर येतं.

ज्यांना हेरॉल्ड माहीत नाही त्यांच्यासाठी: ट्रायम्फने इंग्लंडात १९५९ मध्ये हेरॉल्ड काढली, आणि तिच्याच सांगाड्यावर बेतून १९६२ मध्ये स्पिटफायर ही दोन सीटची स्पोर्ट्स कार. दोन्हींचं रूप मिकेलॉत्ती या इटालियन डिझायनरचं. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१ पासून हेरॉल्ड इथे बनवली, पण आपल्याकडे इंजिन ९४८ च राहिलं. तिकडे स्पिटफायर ११४७, १२९६ आणि शेवटी १४९३ सीसीपर्यंत गेली. पुढचं सस्पेन्शन, डिफ, मागची आडवी पाटा-स्प्रिंग ही सगळी एकाच घराण्याची, म्हणून स्पिटफायरचे भाग आमच्या गाडीला बसावेत अशी आशा आहे.

इंजिन मला बदलायचं नाही. गाडीतल्या फेरफारांना मर्यादा घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. शिवाय २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेजची 'व्हीए' नंबरप्लेट मिळते ती चासी, बॉडी आणि इंजिनात फेरफार नसेल तरच. ती प्लेट घेतली की रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही, म्हणून आज ती नको आहे. पण पुढे कुणाला घ्यावीशी वाटली तर माझ्यामुळे अडू नये.

बजेट साठ-सत्तर हजारांचं. अंबिया बहाराचा माल गेला की पैसे हाती येतील.

इकडच्या एका मिस्त्रीने सुचवलंय की मारुती ८०० ची डिस्क आणि कॅलिपर (डिस्कला दोन्हीकडून पॅडने चिमटणारा भाग) घ्यायचे, पट्टी वेल्ड करून बसवायचे, फार तर पंधरा हजारांत काम होईल. दुसरा मार्ग म्हणजे स्पिटफायरचा पुढचा पूर्ण सेट बाहेरून मागवणं, पण कुरियर आणि कस्टम्स धरून त्यातच सगळे पैसे जातील आणि डिफ राहून जाईल. म्हणून तीन गोष्टी विचारते. मारुतीची डिस्क लावावी का? स्पिटफायरचं नेमकं काय काय लागतं? आणि ब्रेक व डिफ यांत आधी काय?

प्रतिसाद – जुनं लोखंड, पुणे

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: वेल्डिंग करू देऊ नका. चाकाचा हब ज्या उभ्या तुकड्यावर असतो ती व्हर्टिकल लिंक फोर्ज केलेली आहे. तिला वेल्डची आच दिली की आजूबाजूचं लोखंड कडक आणि ठिसूळ होतं, आणि नेमका ब्रेक दाबल्यावरच तिथे सगळ्यात जास्त ताण येतो. तुटली तर चाक आडवं पडतं.

दुसरी अडचण चाकांची. हेरॉल्डला चार बोल्टचं वर्तुळ पावणेचार इंचांचं आहे, म्हणजे ९५.२५ मिमी. मारुती ८०० चं ११४.३ मिमी. म्हणजे पुढच्या हबला नवी भोकं किंवा मधली प्लेट, आणि पुढची चाकं एका मापाची, मागची दुसऱ्या. स्टेपनी कुठली ठेवणार? चिखलदऱ्याच्या घाटात पंक्चर झालं की हा प्रश्न लगेच पुढे येतो.

स्पिटफायरचं म्हणाल तर नुसते कॅलिपर आणून भागत नाही. डिस्कवाल्या गाडीची व्हर्टिकल लिंक वेगळी असते, हब वेगळा, कॅलिपरचा ब्रॅकेट वेगळा. तो सगळा जोड उजवा-डावा पूर्ण घ्यावा लागतो. डिस्क नऊ इंची. मागचे सात इंची ड्रम स्पिटफायरलाही तेच होते, म्हणून मागे हात लावू नका. मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेकचं तेल पुढे ढकलणारा) मात्र तपासा. कॅलिपरच्या मोठ्या पिस्टनला तेल जास्त लागतं, ड्रमच्या मापाचा बोअर ठेवला तर पेडल लांब जाईल. आणि ड्रमच्या लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह कुणी बसवलेला असेल तर तो काढा, नाहीतर डिस्कला पॅड घासत राहतील.

एक सांगून ठेवतो. सर्वो (पायाच्या जोराला मदत करणारं यंत्र) नसलेल्या गाडीला डिस्क लावली की पेडल जड वाटतं. डिस्कचा फायदा हा की ती उघडी असते, लवकर निवते, म्हणून दहाव्या वळणावरही पहिल्या वळणासारखी धरते. तुम्हाला तेच हवं आहे.

प्रतिसाद – लेथवाला, यवतमाळ

ताई, पुण्याच्या भाऊंचं बरोबर आहे, पण मी म्हणतो पैसे काढायच्या आधी आहे ते ड्रम नीट करून पाहा. तुम्ही लिहिलं पेडल कडक राहते पण गाडी धरत नाही. तेल उकळलं असतं तर पेडल स्पंजासारखं होऊन खाली गेलं असतं. म्हणजे तुमचं लायनर तापून हार मानते. आपल्याकडे खेड्यात जे लायनर मिळते ते बहुतेक मऊ, स्वस्त. शहरात ठीक, घाटात नाही. चारही चाकांचे शू (ज्यांवर लायनर बसतं त्या अर्धगोल पट्ट्या) घेऊन जा, चांगल्या दर्जाचं लायनर रिव्हेट करून घ्या आणि ड्रमच्या गोलाईला घासून बसवून घ्या. पुढचा ड्रम आठ इंची आहे, लायनर पूर्ण टेकलं पाहिजे. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या गाड्यांत अर्ध्याहून जास्त लायनर फक्त मधेच टेकलेलं असते, दोन्ही टोकं कोरी. खडू लावून ड्रम फिरवून पाहा, लगेच दिसते.

ड्रमला आत कड आली असेल तर टर्न करून घ्या, पण ड्रमवर जास्तीत जास्त माप लिहिलेलं असेल तर त्याच्या पुढे जाऊ नका. पातळ ड्रम अजून लवकर तापते. व्हील सिलिंडर (चाकापाशी शू ढकलणारे) गंजले असतील तर फेकू नका, स्टीलची किंवा पितळेची स्लीव्ह मारून मूळ मापाला आणता येतात. आमच्याकडे होते हे काम, अमरावती-नागपूरलाही होते.

आणि तेल बदला. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढते. नवं डॉट ४ दर्जाचं ऑइल किमान २३० डिग्रीला उकळते, पाणी धरलेलं १५५ ला. डॉट ३ तर पाणी धरल्यावर १४० लाच. आपल्या उन्हाळ्यात गाडी उभी राहिली तरी किती तापते हे तुम्हाला सांगायला नको.

धागाकर्ती

लेथवाले दादा, खडूची युक्ती आज दुपारीच करून पाहिली. डावीकडच्या ड्रमला पुढच्या शूवर फक्त मधल्या बोटभर पट्टीला खडू लागला, बाकी लायनर पांढरं-करडं, जसंच्या तसं. उजवीकडे थोडं बरं. म्हणजे एवढी वर्षं घाटात आम्ही पाव ब्रेकवर उतरत होतो. शू काढून ठेवलेत, सोमवारी अमरावतीला देते.

वेल्डिंगचा विषय बंद. मिस्त्रीकाकांनाही समजावून सांगितलं, त्यांनी मान्य केलं.

आता डिफबद्दल कुणी सांगेल का?

प्रतिसाद – मद्रासी मराठा, चेन्नई

मूळचा मी वर्धेचा, बरीच वर्षं चेन्नईत आहे. हेरॉल्ड इथलीच, त्यामुळे पुदुपेटच्या जुन्या स्पेअरच्या गल्ल्यांत अजूनही कधीमधी माल निघतो. फोनवर सगळे 'आहे' म्हणतात, पण स्वतः जाऊन, हातात घेऊन, मोजून घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

तुमच्या डिफला पर्याय असे. ३७ ला ९ म्हणजे ४.११, हा हेरॉल्ड १२०० ला आणि सुरुवातीच्या तिन्ही स्पिटफायरना होता. ३५ ला ९ म्हणजे ३.८९, हा स्पिटफायरच्या मार्क ४ ला, म्हणजे चौथ्या आवृत्तीला. शेवटच्या १५०० ला ३.६३. शेवटचे दोन मनातूनच काढून टाका, ९४८ ला ते ओढवणार नाहीत. ४.११ ने सत्तरला ३,३०० च्या जागी २,८०० फेरे होतील, कानाला लगेच फरक जाणवेल. पण चढाला जिथे आज तिसऱ्यावर जाता तिथे दुसरा टाकावा लागेल. ९४८ च्या दोन कार्ब्युरेटरच्या कूपेला ४.५५ होता, ४१ ला ९. चिखलदऱ्यासाठी मला तोच सगळ्यात योग्य वाटतो, मात्र सापडणं कठीण.

क्राऊन-पिनियनची जोडी सुटी आणून आपल्या केसिंगमध्ये बसवण्यापेक्षा पूर्ण डिफ घ्या. शिम (पातळ चकत्या) लावून बॅकलॅश (दात्यांमधली मोकळीक) जुळवणं हे ज्याने केलंय त्याचंच काम. चुकलं तर थोड्याच दिवसांत गुरगुरायला लागतो. प्रोपेलर शाफ्टकडची फ्लँज आणि दोन्ही हाफ शाफ्टच्या (डिफपासून चाकापर्यंतच्या दांड्यांच्या) फ्लँजा आपल्या गाडीच्या मोजून कागदावर लिहून न्या, त्या वर्षांनुसार बदलत गेल्या. डिफ उतरवायचाच आहे तर हाफ शाफ्टचे क्रॉसही (सांध्यातले चार टोकांचे तुकडे) तेव्हाच बदला. कपचा व्यास आणि सर्क्लिपच्या खाचांमधलं अंतर व्हर्नियरने घेतलं की जुळणारा क्रॉस आपल्याकडे सहसा मिळतो.

क्रम विचाराल तर आधी ड्रम. मग हिवाळ्यात एक घाट करून पाहा. तरीही ब्रेक कमी वाटले तर डिस्क, आणि डिफ सगळ्यात शेवटी. गाडी जोरात पळत नाही म्हणून कुणाला इजा होत नाही.

प्रतिसाद – जुनं लोखंड, पुणे

वरच्या क्रमाला माझं पूर्ण अनुमोदन. फक्त दोन गोष्टी राहिल्या, आणि त्या ब्रेकइतक्याच जिवाच्या आहेत.

पहिली ट्रनियनची. व्हर्टिकल लिंकचं खालचं टोक पितळी ट्रनियनमध्ये आट्यांवर फिरतं, एका बाजूला उलट्या आट्या. याला ग्रीस नाही, ईपी ९० गिअर ऑइल द्यायचं असतं, कंपनीचंच तसं सांगणं होतं. आपल्याकडे सर्व्हिसिंगवाले सगळीकडे ग्रीस गन लावतात. ग्रीस सुकून घट्ट होतं, आट्यांपर्यंत पोचत नाही, पाणी शिरून लिंक आतून गंजते आणि एक दिवस स्टिअरिंग वळवताना तुटते. आता पुढचे ड्रम उघडलेच आहेत तर ट्रनियनही खोला. आट्यांच्या मुळाशी गंजाची खड्डेरी रेघ दिसली तर ती लिंक पुन्हा बसवू नका, तिच्या जागी थेट डिस्कवाली लिंक घ्या. तसं झालं तर डिस्कचा निर्णय आपोआपच होतो.

दुसरी मागच्या चाकांची. हेरॉल्डला मागे स्विंग अ‍ॅक्सल आहे, म्हणजे प्रत्येक चाक आपल्या हाफ शाफ्टसकट डिफपाशी वरखाली झुलतं. वळणात असताना जोरात ब्रेक मारला की मागचा भाग उचलतो आणि चाकं आत दुमडल्यासारखी होतात, पकड सुटते. स्पिटफायरलाही तोच त्रास होता, म्हणून १९७० च्या मार्क ४ पासून त्यांनी मधोमध फिरणारी स्प्रिंग आणली. पुढचे ब्रेक चांगले झाले की माणूस नकळत उशिरा ब्रेक दाबायला लागतो. वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच वेग उतरवा, वळणात दुसरा गिअर ठेवा आणि पेडलला हात लावल्यासारखाच पाय लावा.

धागाकर्ती

ट्रनियन खोलले. दोन्हीकडे वाळलेलं काळं ग्रीस निघालं. डावी लिंक रॉकेलने धुऊन पाहिली, आट्या स्वच्छ आहेत. उजवीच्या मुळाशी गंजाची रेघ आहे, नख अडकतं. फोटो रात्री टाकते.

म्हणजे उजवी बदलावीच लागणार. एकच बाजू डिस्कची करता येत नाही, म्हणून डिस्कवाल्या दोन्ही लिंक, हब, ब्रॅकेट, कॅलिपर असा पूर्ण जोड शोधते आहे. डिफचे पैसे त्यात जातील, हरकत नाही. शू अमरावतीला देणार आहेच. पुढचा जोड मिळेपर्यंत गाडी जागेवरच राहील, मागचे ड्रम आणि व्हील सिलिंडर तेवढ्यात करून घेते.

मद्रासी मराठा दादा, पुदुपेटला जाणं झालं तर डिस्कवाल्या लिंकचा जोड दिसतो का पाहाल का? घेण्याआधी आट्यांच्या मुळाचा फोटो तेवढा पाठवा. आणि पुण्याच्या दादांना एक विचारायचं होतं: नव्या कॅलिपरसाठी मास्टर सिलिंडर बदलायचाच असेल, तर आत्ताच दोन सर्किटचा घ्यावा का? एक पाइप फुटला तरी दुसऱ्यावर गाडी थांबेल असा. जागा बल्कहेडवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) किती लागते ते सांगितलंत तर मोजून कळवते.