‘१८७९ला मानसशास्त्र जन्मलं’ म्हणणाऱ्यांसाठी

आडवाट: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं की, ‘१८७९ साली वुंट या जर्मन शास्त्रज्ञाने लाइपझिगला प्रयोगशाळा काढली आणि मानसशास्त्र जन्मलं, त्याआधी नुसत्या तात्त्विक गप्पा.’ राहवलं नाही म्हणून लिहितोय. बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश सेकंदाला साधारण २७ मीटर जातो, हे हेल्महोल्ट्झने १८५०मध्ये मोजलं. फेक्नरचा मनोभौतिकीवरचा, म्हणजे बाहेरचं उद्दीपन आणि आपल्याला होणारी जाणीव यांचं नातं मोजण्यावरचा, ग्रंथ १८६०चा. डॉंडर्सने १८६८मध्ये निवड करून प्रतिसाद द्यायच्या वेळेतून साध्या प्रतिसादाचा वेळ वजा करून निवडीला लागणारा वेळ काढला. या गप्पा?

सातारकर: मोजलं असेल हो. पण हेल्महोल्ट्झ शरीरक्रियावाला, डॉंडर्स डोळ्यांचा डॉक्टर, फेक्नर मूळचा भौतिकीचा. पाणी बऱ्याच जणांना लागलं, पाणपोई वुंटने घातली. हॉल, कॅटेल, टिचनर हे पुढचे मोठे मानसशास्त्रज्ञ तिथूनच अमेरिकेला गेले.

मास्तरीणबाई: आणि स्मृतीवर प्रयोग करणारा जर्मन एबिंगहाउस? प्रयोगशाळा नाही, मदतनीस नाही. एकटा माणूस निरर्थक अक्षरं पाठ करत बसला आणि १८८५मध्ये आपण किती वेगाने विसरतो ते आकड्यांत मांडलं. आपल्याकडे अजून ‘घोका’ चालूच. २९चा पाढा येईना म्हणून माझ्या मुलाला वर्गात तासभर उभं केलं होतं. गणिताचं पुस्तक उघडलं की अजून त्याचे हात गार पडतात.

कोकणचा दादा: पाठांतराला नावं ठेवू नका. माझी आजी शाळेची पायरी चढली नाही, पण रामरक्षा, हरिपाठ तोंडपाठ. शेवटी आम्हा नातवंडांची नावं विसरली, हरिपाठ नाही.

मास्तरीणबाई: आजी रोज म्हणायच्या ना? परीक्षेच्या आदल्या रात्री घोकत नव्हत्या! एबिंगहाउसलाही हेच दिसलं. १२ अक्षरांची माळ एका दिवशी सलग ६८ वेळा म्हणून जो फायदा, तो तीन दिवसांत वाटून ३८ वेळा म्हटली तरी मिळाला. आणि इंग्रज कवी बायरनची कविता पाठ करायला निरर्थक अक्षरांच्या साधारण दहावा हिस्सा श्रम पडले. अर्थ कळला की भार हलका होतो.

कोकणचा दादा: एकट्याने स्वतःवर केलेला प्रयोग. त्यावरून माझ्या आजीचं माप काढू नका.

मास्तरीणबाई: आजींचं कोण काढतंय? शाळेबद्दल बोलतेय मी. नीट वाचा आणि आवाज खाली घ्या.

कोकणचा दादा: बरं, रोज थोडं थोडं, हे आजीचंच होतं. तेवढं मानतो. पाढे मात्र हवेतच.

सातारकर: अहो, धागा १८७९चा आहे! एबिंगहाउसपुरती मी माघार घेतो. स्मृतीसारख्या वरच्या पातळीच्या मानसिक प्रक्रिया प्रयोगात सापडणार नाहीत, अशीच वुंटची धारणा होती; एबिंगहाउसने त्याच मोजल्या.

आडवाट: मग ‘जन्म’ मागे घ्या.

सातारकर: जन्म नाही, बारसं म्हणतो. झालं?

आडवाट: बारसंही नाही. विज्ञानाचं नवं क्षेत्र आखून द्यायचा हा प्रयत्न आहे, असं वुंटने १८७४च्या आपल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेतच म्हटलंय. १८७९च्या पाच वर्षं आधी.