न मागता कापले जाणारे पैसे: ॲप, ओटीटी, कॉलर ट्यून... तुमचे अनुभव लिहा

तगर

आज आईचं पासबुक छापून आणलं. पेन्शन, गॅस, लाईटबिल यांच्या मधे दर महिन्याला १९९ रुपये गेलेले, नावाच्या जागी अर्धवट तुटलेली इंग्रजी अक्षरं. आईला विचारलं तर म्हणाली, "अगं ते पंचांगाचं ॲप ना, एकच रुपया घेतला होता त्याने." एक रुपयाची ट्रायल. त्या रुपयासाठी तिने पिन टाकला आणि त्याच पिनमध्ये ॲपने पुढच्या प्रत्येक महिन्याची मंजुरी घेऊन ठेवली होती. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं म्हणे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या बाईने ते कसं वाचायचं?

त्यावरून कराडची आजी आठवली. २०१० च्या आसपासची गोष्ट. साधा बटणांचा फोन, मामा रिचार्ज मारायचा आणि आठवडा जायच्या आत बॅलन्स संपलेला असायचा. आजी कळवळून सांगायची, "मी कुणाला फोनच केला नाही रे." तिचं कुणी मनावर घेतलं नाही, म्हातारीला बटणं कळत नाहीत म्हणून सोडून दिलं. बऱ्याच उशिरा कळलं की कॉलर ट्यून आणि रोजचं राशिभविष्य दोन्ही सुरू होतं आणि त्याचे पैसे कापले जात होते. आजी खरंच बोलत होती.

रक्कम मुद्दाम इतकी छोटी ठेवतात की माणूस "जाऊ दे" म्हणतो. मला या "जाऊ दे"चाच राग आहे. चालू करायला एक टिचकी पुरते तर बंद करायलाही एकच पुरली पाहिजे.

कुणाचे असे पैसे गेलेत, परत मिळाले का, काय केलंत, सगळं लिहा. कंपन्यांची नावं शक्यतो नकोत, नाहीतर धागा भांडणात जाईल.

खटपट्या

+१. रुमाल टाकून ठेवतो. ऑफिसातून सुटलो की लिहितो.

निशिगंध_७

आमच्याकडे लग्न जुळवणारी साइट! दादाचं लग्न झालं, मुलगी बालवाडीत जायला लागली आणि कार्डावर रिन्यूअल. वहिनीनेच स्टेटमेंट पाहिलं 😄 घरात तो दिवस कसा गेला असेल बघा. फोन केला तर समोरची मुलगी म्हणते, "सर, ऑफर चालू आहे, तीन महिने वाढवून देते."

मिरजेचा_पाहुणा

हाहाहा निशिगंधताई, वहिनी भारी.

शेवग्याची शेंग

ॲप काढून टाकलं म्हणजे पैसे बंद होतात असं वाटणारे लोक खूप आहेत. तसं नसतं. माझ्या जावेने इंग्रजी शिकायचं ॲप फोनमधून डिलीट केलं, तरी पैसे जातच राहिले. प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर टिचकी मारायची, पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स, तिथे जाऊन रद्द करायचं. आयफोनवाल्यांनी सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर आपलं नाव असतं तिथे जायचं. कुकरची शिट्टी झाली, बाकीचं नंतर.

निवृत्त_नाना

बँकेत आयुष्य गेलं म्हणून जरा सविस्तर लिहितो, चालवून घ्या.

रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे (म्हणजे दर वेळी आपोआप पैसे कापायला आपण एकदाच दिलेल्या मंजुरीचे) नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून सक्तीने लागू झाले. त्याआधी कार्डाचा नंबर कंपनीकडे एकदा गेला की ती दर महिन्याला बिनबोभाट पैसे ओढायची. आता मँडेट नोंदवताना ओटीपी किंवा पिन लागतोच. पुढे दर वेळी पैसे कापायच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवावं लागतं. त्यात कंपनीचं नाव, रक्कम, तारीख असते आणि नको असेल तर नाही म्हणायची सोय द्यावी लागते. ओटीपीशिवाय जाणाऱ्या हप्त्याची मर्यादा आधी ५,००० होती, जून २०२२ मध्ये ती १५,००० केली. मँडेट मागे घेणं हा ग्राहकाचा हक्क आहे, कंपनीची परवानगी लागत नाही. लोक कंपनीच्या कस्टमर केअरकडे विनवण्या करत बसतात. आधी आपल्या बाजूने नळ बंद करा, मग भांडा.

आता कटू भाग. काउंटरवर लोक यायचे आणि सांगायचे, "साहेब, खातं हॅक झालं." खरोखर परस्पर कुणी पैसे काढले असतील तर ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने आलेला रिझर्व्ह बँकेचा नियम ग्राहकाच्या बाजूने आहे. तुमची चूक नसेल आणि तीन कामकाजी दिवसांच्या आत कळवलंत तर तुमच्यावर जबाबदारी शून्य. पण पिन स्वतः टाकलेला असेल तर बँक त्याला अनधिकृत व्यवहार म्हणत नाही. मग बँकेच्या मॅनेजरवर ओरडून उपयोग नाही. ती तक्रार फसव्या ट्रायलची आहे, ती ग्राहक हेल्पलाईनला करायची. नंबर १९१५, मराठीतून बोलता येतं.

तगर, आईंना बोलू नका हो. माझ्या बरोबरीचे बँकेतले लोकसुद्धा यात सापडलेत.

तगर

नाना, किती नीट सांगितलंत! आईला बोलले नाही, उलट तीच मला म्हणते की तुझा शनिवार खराब झाला. आत्ता तिचा फोन पाहिला. २४ तास आधीचा एसएमएस दर महिन्याला आलेला आहे. पण तो इंग्रजीत, आणि त्याच्या वर-खाली कर्ज घ्या, प्लॉट घ्या, रमी खेळा. तिला तो वेगळा कसा ओळखू यावा? कळवलं हे खरं, पण तिला कळलं नाही.

मुलुंडकरीण

यूपीआयचं कुठून बंद करायचं ते कुणी सांगेल का प्लीज, सासऱ्यांच्या फोनमध्ये बघायचंय

शेवग्याची शेंग

मुलुंडकरीण, ज्या ॲपमधून पैसे पाठवतात त्यातच ऑटोपे म्हणून असतं, बहुतेक प्रोफाइलमध्ये. तिथे चालू असलेल्या मँडेटची यादी दिसते. हवं ते उघडायचं, रद्द करा, पिन टाकायचा. दोन-तीन यूपीआय ॲप असतील तर सगळ्यांत बघ, एकातलं दुसऱ्यात दिसेलच असं नाही. कार्डावरचं मात्र बँकेच्या साइटवर वेगळं बघावं लागतं.

मुलुंडकरीण

धन्स गं. सापडलं. चार निघाली!! त्यातलं एक क्रिकेटचं आहे, ते बंद केलं तर घरात महाभारत. ते ठेवलं.

अबोली_रत्नागिरी

लिहू की नको असं झालं होतं, पण लिहिते.

बाबा मागच्या वर्षी गेले. खातं लगेच बंद केलं नव्हतं, पेन्शनचे कागद, वारसाचे कागद, आईला त्यातलं काही सुचत नव्हतं. बाबांचा फोन चार्ज करून देवघराशेजारच्या फळीवर ठेवायचो, कारण ओटीपी त्यावर यायचे. आणि दर महिन्याला त्या फोनवर मेसेज, 'प्रिय ग्राहक, आपले सदस्यत्व उद्या नूतनीकरण होईल.' जुनी नाट्यगीतं ऐकायचं ॲप होतं त्यांचं. संध्याकाळी गॅलरीत बसून ऐकायचे.

कंपनीला मेल केली, मृत्यूचा दाखला जोडला. उत्तर आलं, सदस्याने स्वतः लॉगिन करून रद्द करावे. मी परत लिहिलं की सदस्य हयात नाहीत. पुन्हा तेच उत्तर, शब्द न शब्द तेच. कुणी वाचतच नव्हतं पलीकडे. आई म्हणायची, "राहू दे गं, त्यांचं गाणं आहे." पैसे थोडेच होते. पण तो मेसेज आला की ती दिवसभर जेवायची नाही.

शेवटी आमच्या शाखेतल्या मॅडमनी दाखला घेऊन खात्यातून जाणारं सगळंच थांबवलं. खुर्ची दिली, पाणी दिलं, आईला म्हणाल्या, "काकू, तुम्ही फक्त सही करा." घरी कुणी गेलं असेल तर खातं बंद व्हायची वाट न बघता बँकेला आधी कळवा, एवढंच सांगायचंय.

बर्लिनची_मावशी

अबोली 🙏 तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

निवृत्त_नाना

अबोलीताई, वाचून गलबलून आलं. त्या मॅडमनी योग्य तेच केलं. खातेदार गेल्याचं कळवलं की बँक खात्यातले व्यवहार थांबवते, मँडेटही त्यात आलं. लेखी कळवा आणि पोच घ्या.

खटपट्या

आलो. माझा किस्सा भाच्याचा. इयत्ता पाचवी, गेममध्ये तलवार की ढाल काहीतरी घ्यायची होती. ताईच्या फोनला कार्ड जोडलेलं आणि खरेदीला पासवर्ड लावलेला नव्हता. तलवारीबरोबर 'व्हीआयपी पास' पण लागला, तो दर आठवड्याचा! आठवड्याचं असलं की वर्षाला केवढं होतं हा हिशोब कुणी करत नाही. मी त्याच दिवशी प्ले स्टोअरवरून परताव्याचा अर्ज भरला, लहान मुलाने खरेदी केली असं कारण निवडलं, पैसे आले. उशीर केला असता तर अवघड होतं. घरात पोरं असतील त्यांनी खरेदीला पासवर्ड लावा, आज, आत्ता.

भाच्याला मी ओरडलो नाही. ज्यांनी पाचवीतल्या पोरासमोर ते बटण चमकवत ठेवलं, त्यांना विचारायला हवं.

बर्लिनची_मावशी

इकडचं सांगते. जर्मनीत १ जुलै २०२२ पासून कायदा आहे. वेबसाइटवर सभासदत्व विकत घेता येत असेल तर त्याच वेबसाइटवर 'करार इथे रद्द करा' असं स्पष्ट बटण असलंच पाहिजे, लॉगिन न करता वापरता येईल असं. त्याआधी इथे पत्रं पाठवावी लागायची, तीही मुदतीच्या कितीतरी आधी. पत्र चुकलं की अजून एक वर्ष गळ्यात. आता मुदत संपल्यावर करार आपोआप वाढला तरी महिन्याच्या नोटिशीवर सोडता येतो. तगर म्हणते ते 'एका टिचकीने बंद' अशक्य नाही. सरकारने सांगितलं की कंपन्या करतात.

जर्सीतला_जोशी

अमेरिकेत तेच करायला निघाले होते. एफटीसीने, म्हणजे तिथल्या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने, ऑक्टोबर २०२४ मध्ये नियम आणला, घेणं जितकं सोपं तितकंच सोडणं. जुलै २०२५ मध्ये, लागू व्हायच्या तोंडावर, कोर्टाने तो रद्द केला, प्रक्रियेत त्रुटी म्हणून. काही राज्यांचे स्वतःचे कायदे आहेत, कॅलिफोर्नियाचा बरा आहे. आम्ही ट्रायलसाठी बँकेचा तात्पुरता कार्ड नंबर वापरतो, ट्रायल संपायच्या आत तो बंद करून टाकायचा.

वाळवंटातली_वेल

आपल्याकडेही आहे की! ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न्स'वर, म्हणजे ॲप-वेबसाइटवर ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीवर, मार्गदर्शक सूचना काढल्या. १३ प्रकार दिलेत, त्यात सबस्क्रिप्शनचा सापळा नावानिशी आहे. रद्द करणं लांबलचक किंवा अशक्य करणं, रद्दचं बटण लपवणं, गोंधळात टाकणाऱ्या सूचना, एवढंच नाही तर फुकट सेवेसाठी कार्ड किंवा ऑटो डेबिटची मंजुरी मागणं हेसुद्धा त्यात येतं. लोकांना हे माहीतच नाही. मी १९१५ ला तक्रार केली तेव्हा हेच वाक्य लिहिलं आणि ट्रायलच्या पानाचा स्क्रीनशॉट जोडला. त्याआधी मला रोबोट उत्तरं देत होता, त्यानंतर माणसाचा फोन आला. ९९९ परत मिळाले.

तगर, आईच्या तक्रारीत हे घाल.

तगर

घालते गं! मँडेट मगाशीच रद्द केलं आईकडूनच, तिच्या हाताने, म्हणजे पुढे तिला स्वतःला जमेल. तक्रार संध्याकाळी बसून लिहिते. स्क्रीनशॉट मिळाला, ते ॲप अजून एक रुपयाची तीच जाहिरात दाखवतंय.

मिरजेचा_पाहुणा

कॉलर ट्यूनवाल्यांसाठी: १५५२२३ हा नंबर अजून आहे, त्यावरून असल्या सेवा बंद करता येतात. २०१३ मध्ये ट्रायने (फोन कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) दुहेरी होकाराचा नियम आणला, एकदा हो म्हटलं की पुन्हा विचारायचं आणि मगच पैसे. तगरताईंच्या आजीच्या वेळी ते नव्हतं. आमच्या गावात तर एकाच्या फोनला कुणाच्या तरी वरातीचं गाणं लागलेलं, आणि हा माणूस मयताचा निरोप द्यायला फोन करणाऱ्यांना ते ऐकवत होता. त्याला माहीतच नाही!

निशिगंध_७

अरे देवा 😄

कोथिंबीर

मी साखर वाढली म्हणून डाएटचं ॲप घेतलं. वर्षाचे पैसे एकदम कापले, मला महिन्याचं हवं होतं. पान उघडलं की वर्षाचं आधीच निवडलेलं असतं आणि महिन्याचं खाली फिकट करड्या रंगात. परतावा मागितलाय, अजून उत्तर नाही. आणि सल्ला काय, तर सकाळी ओट्स आणि ब्लूबेरी. आमच्या जामखेडात ब्लूबेरी कुठून आणू?

शेवग्याची शेंग

कोथिंबीर, परताव्याचा पाठपुरावा सोडू नकोस. आणि ओट्स राहू दे, नाचणीची आंबील घे सकाळी. जाता जाता, साखर किती आहे, डॉक्टरना दाखवलंस ना?

कोथिंबीर

हो दाखवलंय, गोळी चालू आहे. आंबीलचं पीठ पाण्यात भिजवायचं की ताकात?

अबोली_रत्नागिरी

आम्ही रात्री ताकात कालवून ठेवतो. सकाळी उकळत्या पाण्यात घालून सतत ढवळायचं, नाहीतर गुठळ्या होतात. मीठ, जिरं, ठेचलेला लसूण. थंड झाल्यावर वरून परत थोडं ताक.

बर्लिनची_मावशी

लसूण भरपूर हं. इथे नाचणी मिळते इंडियन दुकानात, उद्याच आणते.

कोथिंबीर

धन्यवाद सगळ्यांना. आज रात्रीच कालवते. आणि नाना, वर्षाचं आधीच निवडून ठेवणं हेही १९१५ ला चालेल का?

निवृत्त_नाना

चालेल की. त्या पानाचा स्क्रीनशॉट, पैसे गेल्याचा एसएमएस आणि तुम्ही परतावा मागितल्याची मेल, तिन्ही जोडा. तक्रार क्रमांक मिळेल तो जपून ठेवा. अडलं तर इथेच विचारा, मी रोज दुपारी चक्कर मारतो.