पान लाल पडले, फवारणी यंत्राने सांगितली, नुकसान कोणाचे?

धागाकर्ता, पांढरकवडा: काल येथे एकाने लिहिले की, जो शेतकरी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरणार नाही तो मागे पडेल आणि दोष त्याचाच असेल. हे वाचून राहवले नाही. राज्याने जून २०२५ मध्ये महाॲग्री-एआय धोरण मंजूर करून पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपये ठेवले, याचा मला आनंदच आहे. पण गेल्या हंगामात माझ्या कपाशीची पाने लाल पडली, तेव्हा एका ॲपने फोटो पाहून तुडतुडे, म्हणजे पानाचा रस शोषणारे किडे, असल्याचे सांगितले आणि मी फवारणी केली. नंतर कृषी सहायकांनी पान उलटून दाखवले: शिरा हिरव्या, मधला भाग लाल, मागे एकही तुडतुडा नाही. तो लाल्या होता, मॅग्नेशियमच्या कमतरतेचा. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने ज्या यवतमाळ जिल्ह्यात माणसे दगावली, तेथे असा सल्ला चुकला तर जबाबदार कोण?

हिंगणघाटकर: भाऊ, कृषी केंद्रातला दुकानदार चुकतो तेव्हा जबाबदारी कोण घेतो? शिवाय त्याला औषध विकायचे असते. सलग तीन रात्री कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यात, रोज आठ पतंग आले की गुलाबी बोंडअळीवर उपाय करावा, हे सर्वांना ठाऊक आहे, पण रोज मोजतो कोण? फोटोवरून यंत्र मोजत असेल तर मला ते हवे आहे. २०१७ साली आमची निम्मी बोंडे किडली, कारण आम्ही मोजलेच नव्हते.

दारव्ह्याची लेक: फोन कोणाच्या हातात असतो, हे दोघांनीही विचारले नाही. निंदण आणि वेचणी आम्ही करतो, अळी आधी आम्हाला दिसते. मी यंत्राशी बोलताना ‘पऱ्हाटी’ म्हटले, तर त्याला काही उमगले नाही.

निवृत्त गुरुजी, वाशीम: ताई, ‘कपाशी’ म्हणायला काय हरकत आहे? प्रमाण मराठी सर्वांना यायलाच हवी.

दारव्ह्याची लेक: गुरुजी, माझ्या आईने सत्तर वर्षे पऱ्हाटीच म्हटले आहे. ज्या यंत्रावर आमच्या कराचा पैसा लागतो, त्याने आमचे शब्द शिकावेत. म्हातारीने त्याचे शब्द शिकावेत ही अपेक्षा मला अपमानास्पद वाटते.

निवृत्त गुरुजी, वाशीम: अपमानाचा हेतू नव्हता. वऱ्हाडी शब्द त्यात असावेत, एवढे मान्य करतो.

हिंगणघाटकर: भाषेवरून भांडत बसलात, तर सापळे तसेच राहतील.

धागाकर्ता, पांढरकवडा: पतंग मोजण्यापुरते यंत्र मलाही चालेल, हे नाइलाजाने कबूल करतो. मात्र औषधाचे नाव सांगण्याआधी कोणीतरी बांधावर येऊन पान उलटून पाहिले पाहिजे, आणि त्या सल्ल्याखाली त्याची सही असली पाहिजे.