अठरानंतर घर सुटतं?

‘अठरा पूर्ण झाली की अमेरिकन पोरं सुट्टीतही आईबापाकडे फिरकत नाहीत’ असं वर दोघांनी लिहिलंय. शहरात असेल, शेतकरी घरांत मी उलटं पाहिलंय. आयोवात माझा रूममेट मे महिन्यात शेवटचा पेपर टाकला की थेट घरी पळायचा, सोयाबीनची पेरणी अर्धवट असायची म्हणून.

एका जुलैत मीही आठवडाभर त्याच्याकडे राहिलो. तेव्हा तिथे डिटॅसलिंगचा, म्हणजे मक्याचे तुरे काढायचा हंगाम असतो. संकरित मक्याच्या बीजोत्पादनात मादी ओळींचे (ज्यांवर बी धरायचं त्यांचे) तुरे पराग सांडायच्या आत काढावे लागतात. बरेचसे यंत्र काढतं, उरलेले हाताने उपटायचे. (जालन्याकडचे बियाण्याचे प्लॉट पाहिलेल्यांना नवल वाटणार नाही.) पहाटे शेत दवाने चिंब, म्हणून पोरं अंगात कचऱ्याची प्लॅस्टिक पिशवी घालतात, ऊन चढलं की पानांनी कापलेल्या हातांवर घाम झोंबतो. मी नुसता कडेला उभा, विद्यार्थी व्हिसावर असलं काम चालत नाही. त्याची शाळकरी बहीण मात्र रोज जायची. आणि हो, त्यांच्याकडे ‘डिनर’ म्हणजे दुपारचं जेवण, रात्रीचं ते ‘सपर’. पहिल्या दिवशी मी ‘डिनरला ये’ ऐकून दुपारभर उपाशी बसलो.